जास्तीचा भात
बेटावरच्या टीव्ही-खेळात सातच स्पर्धक उरले. आजच्या मतदानात तोर्गनीला घालवायचं, असं बाकीच्या सहा जणांनी शपथेवर ठरवलं. पण त्यांतल्या ईल्वाचा एक हिशेब होता: ज्याला दुपारी करवंटीत शिगोशीग भात मिळतो, तोच संध्याकाळी घरी जातो. ज्याला घालवायचं त्याला वाढताना अपराधी हात सैल सुटतात. आज वाढपी तोर्गनीने तिलाच शीग लावली. “खा गं पोरी, हाडं दिसायला लागली!” म्हणजे कट आपल्यावरच उलटला, असं तिने धरलं. मतदानाला तिने लपवलेला ताईत सूत्रधारापुढे ठेवला. आता तिच्याविरुद्धची मतं बाद. चिठ्ठ्या उघडल्या. सहांवर तोर्गनीचंच नाव. “अगं वेडे, मी जाणार हे कळलंच होतं,” तो हसत उठला. “म्हटलं, माझा वाटा तुझ्या पोटात जाऊ दे!” तीही हसली. बाकीचे पाच हसले नाहीत. ताईत दडवून ती आपल्यावर संशय घेत होती, हे त्यांना आत्ता कळलं. परवा पुन्हा मतदान.