लांडोर उडाल्यावर

"लांडोर दिसली की मोर नाचणारच," आत्या दातांनी दोरा तोडत म्हणाली. "ती उडू दे, मग बघ पिसारा कसा मिटतो ते."

मोर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा वायरमन. चाळिशी उलटलेला, एकटा जीव. लिफ्ट बंद पडल्यापासून चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना रोज सकाळी पाठुंगळी घेऊन खाली उन्हात आणून बसवायचा. आणि लांडोर म्हणजे, सगळ्या इमारतीच्या मते, आत्याची भाची. महिन्यापूर्वीच तिच्याकडे राहायला आलेली, चष्म्याच्या दुकानात कामाला. दिसायला नक्षत्र.

"ती नसली तरी तो आजोबांना आणणार," शेजारची पोस्टमनची बायको म्हणाली. "लाव पैज."

"लावली. हरले तर भर अंगणात सांगेन, मला माणसं कळत नाहीत म्हणून."

पोस्टमनची बायको फिदीफिदी हसली. आत्याला मात्र हसू येईना. तिचा गेलेला नवरा असाच होता. जगासाठी दानशूर कर्ण, आणि घरात चहातली साखर मोजणारा. पुन्हा तसलं ध्यान या घरात नको, एवढाच तिला घोर.

रविवारी भाची आईवडिलांकडे गेली. "मीही चालले," म्हणत आत्याने दाराला कुलूप घातलं आणि मागच्या जिन्याने येऊन पोस्टमनच्या स्वयंपाकघरात, अंगणाकडच्या खिडकीच्या पडद्याआड मुक्काम ठोकला.

"तू कशाला लपतेस गं?"

"मी दिसले की भाचीच्या कानावर जाणार, एवढं कळतं त्याला."

सोमवारी तो आजोबांना घेऊन आला. मंगळवारीही आला. बुधवारी आजोबांनी त्याच्या मानेवर गरम चहा सांडला. अंगणात चिटपाखरू नव्हतं. त्याने कॉलर झटकली आणि विचारलं, "तुम्हाला नाही ना भाजलं?"

आत्याने पडदा सोडला आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली.

"हरलीस," पोस्टमनची बायको म्हणाली.

"हरू दे."

भाची परतली त्या संध्याकाळी अख्खी इमारत अंगणात जमली. वायरमन शिडीवर चढून फाटकावरचा दिवा बदलत होता.

"मला माणसं कळत नाहीत," आत्या खणखणीत आवाजात म्हणाली. "हा माणूस चांगला आहे."

टाळ्या पडल्या. कुणीतरी भाचीकडे बघून मुद्दाम खाकरलं. भाची गालात हसली.

"आणि अहो, तुम्ही," आत्या शिडीकडे वळली. "मला लग्नाचं विचारून महिना झाला ना तुम्हाला? माझं हो आहे. उतरा आता, सावकाश."