पाला की पालेभाजी

पोस्टर छापणाऱ्यांनो, एका गरोदर पोरीच्या ताटातला घास तुम्ही पळवलात. आणि पळवलात तोही असा, की वर आभारही तुमचेच मानायचे.

ते पोस्टर दवाखान्याच्या भिंतीवर आहे. 'स्वस्तात सकस'. त्याच्याखाली मायलेकी बसल्यात. लेकीला सातवा महिना. आई भाजीच्या दुकानात मागच्या अंगाला माल निवडते. बिटाचा, मुळ्याचा पाला तोडायचा, कंद पुसून पुढे पाठवायचे.

आहार सांगणाऱ्या मॅडमनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला.

"मावशी, दोन महिन्यांपूर्वी हिचं रक्त अकरावर होतं. आज साडेआठ. पाला बंद केलात की काय?"

"मी नाही केला. तुम्ही केलात."

"मी?"

"मागच्या खेपेला तुम्ही विचारलंत, पोरीला घालता तरी काय. मी येड्यासारखं भडाभडा सांगून टाकलं. बिटाचा पाला बारीक चिरायचा, लसणावर परतायचा, मूठभर डाळ टाकायची. मुळ्याचा कडू लागला तर मीठ लावून पिळायचा. तुम्ही लिहून घेतलंत. मला वाटलं, पोरीच्या कागदावर लिहिताय."

मॅडमनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. पोस्टरवर सगळं तसंच होतं, मीठ लावून पिळण्यासकट. तळाशी मोठ्या साहेबांचा हसरा फोटो.

"अहो, पण चांगलंच झालं की! गावभर लोक पाला खायला लागले."

"लागले ना. आधी मालक म्हणायचा, 'ने बाई ने, घरी बकऱ्या पाळल्यास काय?' पिशवी भरून न्यायचे मी. आता तोच जुड्या बांधतो, रबर लावतो, पाणी मारून पुढे मांडतो. परवा चार पानं पिशवीत टाकली, तर हात धरला माझा. वीस माणसांत. म्हणतो, 'हा पाला नाही आता. पालेभाजी आहे.'"

लेक फसकन हसली. "आमच्याकडे होता तोवर पाला. मोटारीतून येणारे न्यायला लागले, तशी त्याची भाजी झाली."

एवढ्या बोलण्यानंही तिला धाप लागली. तिनं भिंतीला डोकं टेकलं. ओठ पांढरेफटक.

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "गोळ्या लिहून देते."

"मागच्या पण आहेत तशाच. गिळली की ओकते ती."

"तरी घ्यायच्या, जेवणानंतर. आणि नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही, मावशी. बाळंतपणाआधी रक्त वर आलंच पाहिजे. नाहीतर मला हिला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. आता घालताय काय तिला?"

"आहे एक. आठ दिवस झाले सापडून." आईच्या तोंडून निघून गेलं. "तेही फेकायचंच असतं. कुणी ढुंकून बघत नाही. पण हिला पचतंय. काल पहिल्यांदा स्वतःहून मागून खाल्लं."

मॅडमचा चेहरा उजळला. खोटं नाही, मनापासून उजळला. त्यांनी वही ओढली, कोरं पान काढलं.

"काय ते? सांगा, सांगा. सावकाश सांगा हं, काही सुटायला नको."

लेकीनं आईचं मनगट घट्ट धरलं.

आईनं उघडलेलं तोंड मिटलं. एकदा लेकीच्या पोटाकडे पाहिलं. मग बाक सोडून ती टेबलाशी गेली आणि वहीच्या कोऱ्या पानावर तिनं हिरवट डागांचा आपला पंजा ठेवला.

"सांगते. पण आधी तुम्ही सांगा मॅडम, ही वही कोण कोण वाचतं?"