वरचा डबा

वरच्या डब्याचा आकडा शून्य होता. श्रुतिकाने मोबाइल बंद करून पुन्हा उघडला. शून्यच.

"बाय, हय काळोख इलो," गावाहून बाबा फोनवर ओरडत होते. "डोंगरार पावस धो-धो लागलो हा. आवस तुझी साकवापलीकडे गेली हा, म्हशीक आणूक. छत्री पण नेवक नाय तिना."

इथे घाटकोपरला, रक्ततपासणीच्या लॅबबाहेर, लख्ख ऊन होतं.

"पण बाबा, वरच्या शेतातला डबा पाऊस शून्य दाखवतोय!"

"दाखवतलोच. मियां तेका खताची रिकामी पिशवी बांधलंय. काल गडगडला ना? एवढी महागाची वस्तू, भिजान बिघडात म्हणान."

बाबा म्हणजे टीव्हीचा रिमोटसुद्धा पिशवीत घालून ठेवणारा माणूस. हा डबा भिजण्यासाठीच असतो, हे त्यांना सांगायचं तिलाच सुचलं नव्हतं. मोबाइलवर आकडे पाठवणारे हे दोन्ही डबे गणपतीत तिनेच बसवले होते. पाऊस मोजणारा वर, साकवापलीकडे डोंगरउताराच्या शेतात. पाण्याची उंची सांगणारा खाली ओढ्यावर, तो ओलांडायच्या लाकडी साकवाजवळ. तासाभरापूर्वी आईने विचारलं, "पावस येतलो काय गो?" आणि तिने मोबाइल बघून सांगितलं, "शून्य आहे. जा बिनधास्त."

खालचा डबा उघडा होता. पाणी दोन फूट. चार. सात. मग आकडा गेला आणि त्या जागी नुसती रेघ आली.

"साकव गेलो गो," बाबा म्हणाले. त्यांना रडताना तिने आजवर ऐकलं नव्हतं.

"आई दिसतेय का?"

"नाय."

"श्रुतिका, पेशंट थांबलेत गं," लॅबमधल्या सपनाने काउंटरवरून हाक मारली. मग तिचं तोंड बघून तिने स्वतःच हातमोजे चढवले.

श्रुतिका स्टुलावर बसली. मी पाठवलं, मीच पाठवलं, एवढंच डोक्यात. वरचा आकडा बघण्यात आता काही अर्थ नव्हता, तरी नजर तिथून हलत नव्हती. शून्य. शून्य.

एक.

तिने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. तीन. सहा.

"बाबा, पिशवी सुटली! वाऱ्याने उडाली का?"

"खयची उडता? सुतळीन बांधलंय. दोन गाठी मारून." बाबा थांबले. "हातान सोडल्याशिवाय सुटाची नाय ती."

फोनमधून तिकडचा पाऊस ऐकू येत होता. आकडा नऊवर गेला.

"डोक्यार घेतल्यान असात," बाबा म्हणाले. "छत्री नेवक नाय ना."