चार ओहम

बँडमधला जोडीदार पास्कोल गेल्यावर त्याचा स्पीकर विल्सनने स्वतः उचलून त्याच्या घरी पोचवला होता. आज पास्कोलच्याच मुलीचं लग्न. वसईच्या मांडवात व्हॉल्व्हच्या जुन्या ॲम्प्लिफायरमागे विल्सन स्पीकरची पिन हातात धरून बसला होता. दोघांचे स्पीकर जोडले की ती 'चार ओहम' लिहिलेल्या भोकात लागायची. आता एकच उरला, म्हणजे आठला लावायला हवी. नाहीतर ट्रान्सफॉर्मरवर ताण.

"लाव ना पटकन, नवरी आली!" ड्रमवाला वैतागला.

"हात धजत नाय रे."

नवरी खरंच आली, पण सरळ स्टेजकडे. मागे घामाघूम नवरदेव, कोटाला धूळ, कवेत पास्कोलचा स्पीकर.

"अंकल, डॅडी माझ्या लग्नात वाजवणार होते," ती म्हणाली. "चारलाच लावा."