आडवं टांगलेलं चित्र

चित्र आडवं टांगलेलं पाहून चित्रकर्तीचं डोकंच फिरलं. "अहो, या रेघा उभ्या हव्यात!" "मॅडम, असल्या चित्रात उलटंसुलटं कळतं कुणाला?" म्हणत कामगार शिडी आणायला गेला. काळ्यावर पिवळ्या रेघा, मध्येच भगदाड, त्यात लाल ठिपका. गेली वीस वर्षं ती हेच रंगवत होती. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. प्रदर्शनाला पहिल्यांदाच आलेली आई त्या आडव्या चित्रासमोर पांढरीफटक पडली. "अगं, हे तर आपल्या जुन्या कपाटाचं पट्ट्यांचं दार, आतून दिसायचं तसं! तुझे बाबा भडकले की तुला मी त्यात लपवायचे. मधली एक पट्टी मोडकी होती. तेव्हा तू जेमतेम दीड वर्षांची होतीस!" चित्रकर्तीने भगदाडातल्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "आणि तू कुठे लपायचीस?" आईचा हात भुवईवरच्या खोल व्रणाकडे गेला. "कपाटात एकीचीच जागा होती."