पोहण्याची पिशवी

जर्मनीतल्या एश्बॉर्नमधली नोकरी गेल्यापासून बेकारभत्ता देणाऱ्या सरकारी जॉबसेंटरच्या सक्तीच्या भेटींना जातो. आज शाळेला सुट्टी, म्हणून लेकीलाही न्यावं लागलं. तिथूनच पुढे तिचा पोहण्याचा क्लास होता. तिच्या टॉवेलच्या पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत होतो, सोडत होतो. “इंग्लिश नको, जर्मनमध्ये बोला,” अधिकारी बाई म्हणाल्या. पंधरा वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं, पण त्यांनी पुढे केलेलं गोडाऊनचं काम का नको हे जर्मनमध्ये सांगायला एक धड वाक्य जुळेना. वैतागून बाई लेकीकडे वळल्या. “तर मग, पपांना सांग, नाही म्हणाले तर भत्ता कापू.” तेवढं जर्मन मला कळलं. घरी मराठीलाही जर्मनमधून उत्तर देणाऱ्या लेकीनं पिशवी स्वतःकडे ओढली, आणि तलावाच्या काठावरून मी तिला नेहमी सांगतो तेच मराठीत म्हणाली, “घाबरू नको बाबा, उतर. मी आहे ना काठावर.”