प्रमाण वजन

खोलीत एक काचेची पेटी होती. तिच्यावर चार निळ्या नळ्यांचा दिवा, शेजारी दोन खुर्च्या, एक कपाट आणि खिडकीला जाड पडदा. पेटीत बाळ होतं. अंगावर फक्त लंगोट आणि डोळ्यांवर पांढरी पट्टी.

"अठरा," सिस्टर म्हणाली.

तिच्या हातात जाड पेनासारखं यंत्र होतं. टोक कातडीला टेकवलं की काविळीचा आकडा दिसायचा. बाळाला लावण्याआधी तिने ते आईच्या कपाळाला टेकवलं होतं. मोठ्या, धडधाकट माणसावर शून्य यायला हवं, आणि तसं आलंही होतं. दरवेळी यंत्र असं तपासून घ्यायची तिची सवय होती.

"अठरा म्हणजे किती वाईट?" बापाने विचारलं.

"वीसच्या पुढे गेलं तर सगळं रक्त बदलावं लागतं. नाहीतर मेंदूत उतरतं. म्हणून तर दिवा लावलाय. घाबरू नका, पण फक्त पाजायलाच बाहेर काढायचं."

बाप वजनकाटे तपासायचा. दुकानांतले, गोदामांतले. सिस्टरने पहिल्या तासातच त्याचं नाव काटेवाले ठेवलं होतं. तिची तपासायची पद्धत त्याला पसंत पडली.

"आम्हीही काट्यावर आधी प्रमाण वजन ठेवतो," तो म्हणाला. "काटा चुकेल, प्रमाण वजन चुकत नाही."

"म्हणजे मी प्रमाण वजन," आई म्हणाली. "नऊ महिन्यांत तेवढी भरलेय खरी."

तिघंही हसले. निळ्या उजेडात सिस्टरचे ओठ काळे दिसत होते आणि बापाचे दात जांभळे. त्या खोलीत कुणाचाच खरा रंग कळत नव्हता.

पेटीच्या बाजूला हात जाईल एवढं गोल भोक होतं. आईने हात आत घातला. बाळाने तिचं बोट पकडलं.

"सोन्या, तुझं सगळं मला येऊ दे," ती म्हणाली.

"सगळ्या आया हेच म्हणतात," सिस्टर कपाट लावत म्हणाली. "अजून एकीलाही आलेलं नाही."

पाजताना बाळाने ते बोट सोडलं नाही. झोप लागल्यावरही नाही. शेवटी बापाने एकेक करून त्याची बोटं उलगडली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या हातून यंत्र निसटलं आणि फरशीवर आपटलं. तिने उचलून पुसलं, सवयीने आईच्या कपाळाला टेकवलं आणि जीभ चावली.

"पाच दाखवतंय. गेलं वाटतं."

बापाने यंत्र हातात घेऊन फिरवून बघितलं. "शून्य सरकलंय."

"मग बाळाच्या आकड्यातून पाच वजा करते."

"अजिबात नको. ज्याचं शून्य सरकलं त्याचं पुढचं काहीच खरं नसतं. आम्ही असा काटा जागच्या जागी सील करतो."

"करा बाई सील. यंत्रापेक्षा तुम्हीच कडक."

यंत्र खोक्यात गेलं. बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्त घ्यावं लागलं. बाळ किंचाळलं. बापाने तोंड फिरवलं. आई मात्र शांत बसून राहिली, जणू ते रडणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

रिपोर्ट आला. तेरा.

"उतरतंय!" बाप तिचे खांदे धरून म्हणाला. "अगं, ऐकलंस का? उतरतंय!"

"कुठे जातंय ते?"

"दिव्याने त्याचं रूप बदलतं आणि बाहेर पडतं. सिस्टरनी सांगितलं की."

"हं," ती म्हणाली आणि तळहात खाजवत राहिली.

तिचा डबा न उघडताच परत जाऊ लागला. बोलता बोलता तिला डुलकी लागायची. बाप बडबडायचा, "दोन घास खा गं. दूध काय हवेतून येणार आहे?" सिस्टर त्याला समजवायची, "ओली बाळंतीण आहे, त्यात झोप नाही. बाळ घरी गेलं की येईल ताळ्यावर."

एकदा नवराबायको दोघंच असताना आई म्हणाली, "अरे, तो माझ्याकडे बघतोय."

"डोळ्यांवर पट्टी आहे गं त्याच्या."

"तरी बघतोय."

बापाने वाकून पाहिलं. पट्टी जागेवर होती. बाळाचं तोंड मात्र आईच्या खुर्चीकडे वळलेलं होतं. तिची खुर्ची त्याने पेटीच्या दुसऱ्या बाजूला नेली. थोड्या वेळाने पाहिलं तर बाळाची मान तिकडे वळली होती.

नवं यंत्र आलं ते बंद खोक्यात. सिस्टरने खोकं मुद्दाम बापापुढे धरलं.

"घ्या काटेवाले, तुमच्याच हाताने फोडा. उद्या मला बोल नको."

आई खुर्चीत मान टाकून झोपली होती. तिला उठवणं दोघांच्याही जिवावर आलं. सिस्टरने यंत्र स्वतःच्या कपाळाला लावलं. शून्य. बापाच्या कपाळाला लावलं. शून्य.

"बसला विश्वास?"

"बसला. आता बाळाला लावा," बाप म्हणाला.

तिने बाळाच्या डोळ्यांवरची पट्टी जराशी सरकवून, उजेड न लागलेल्या जागी यंत्र टेकवलं.

"सहा."

"अठराचे सहा?"

"अठराचे सहा! आता कसला दिवा नि कसलं काय. उद्या घरी."

तिने खटका दाबला. निळा उजेड गेला. पट्टी काढली, पडदा सर्रकन बाजूला ओढला आणि इतक्या दिवसांनी खोलीत ऊन आलं. बाळ गुलाबी होतं. बाप हसत होता, रडत होता, दोन्ही हातांनी डोळे पुसत होता.

"अगं ऊठ, बघ तरी याच्याकडे!"

सिस्टर हसतच खुर्चीकडे वळली आणि थबकली. तिने बापाला हाताने बाजूला केलं, आईचं कपाळ पुसलं आणि यंत्र टेकवलं. ते पुन्हा शून्यावर आणून दुसऱ्यांदा टेकवलं.

दोन्ही वेळा बारा.